जुन्या गाड्या आणि छोट्या जाहिराती

इंदूरकरांना होळकरांच्या मोटारींचे कौतुक नव्याने सांगायला नको. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेतला. त्याच दशकात त्यांनी ड्युसेनबर्ग ही त्या काळची जबरदस्त मोटार मागवली. चासी अमेरिकेतील इंडियानापोलिसची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारखान्यातली, आणि रंग केशरी व काळा. या 'जे' मॉडेलच्या जेमतेम ४८० च्या आसपास गाड्या बनल्या आणि १९३७ मध्ये कंपनीच बंद पडली. होळकरांची ती गाडी आज भारतात नाही, पण जगभरच्या शौकिनांना ती इंजिन क्रमांकासह ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच काळात इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदा इथल्या सरदारांच्या, वकिलांच्या, डॉक्टरांच्या दारात उभ्या असलेल्या साध्या फोर्ड, शेव्हर्ले, ऑस्टिन गाड्यांचे पुढे काय झाले? बहुतेक घरांत याचे उत्तर एकच मिळते : "विकली कुणाला तरी." कधी, कुणाला, कितीला, हे कुणालाच आठवत नाही.

राजाची गाडी लक्षात राहते आणि डॉक्टरांची विसरली जाते, यात नवल नाही, असे कुणी म्हणेल. पण अमेरिकेत एखाद्या शेतकऱ्याच्या साध्या फोर्डचाही मागोवा काही वेळा लावता येतो. त्यामागे एक अगदी साधी वस्तू आहे : छोट्या जाहिरातींचे मासिक.

अमेरिकेत जुन्या मोटारींचा छंद दुसऱ्या महायुद्धाआधीच रुजला होता. 'अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था १९३५ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झाली. गाडी मिळाली तरी तिचे सुटे भाग कुठून आणायचे, हा मात्र प्रत्येकापुढचा प्रश्न होता. कारखाने बंद पडलेले, विक्रेत्यांनी जुना माल भंगारात काढलेला. इलिनॉय राज्यातील क्विन्सी या गावी अर्नेस्ट हेमिंग्ज नावाचे गृहस्थ जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यवसाय करीत. त्यांनी १९५४ मध्ये 'हेमिंग्ज मोटर न्यूज' हे पत्रक सुरू केले. त्यात लेख, कथा, चित्रे असे काही नव्हते. होत्या त्या केवळ जाहिराती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टेरी एरिच यांनी ते घेतले आणि व्हरमाँट राज्यातील बेनिंग्टन या लहान गावी नेले. तिथे ते वाढत वाढत कित्येकशे पानांचे झाले, खप दोन लाखांच्या पुढे गेला आणि शौकीन त्याला आपले 'बायबल' म्हणू लागले.

हे मासिक वाचायची एक रीत होती. जाहिराती गाडीच्या कंपनीनुसार लावलेल्या असत. 'विकणे आहे'च्या जोडीला 'हवे आहे' हा भागही तितकाच महत्त्वाचा. कुणाला पॅकार्डचा मागचा दिवा हवा, कुणाला मॉडेल ए फोर्डच्या दाराची मूठ. जाहिरातीची जागा पैशाने मोजली जाई, त्यामुळे लोक तारेसारखी काटकसरीची भाषा लिहीत आणि वाचणारेही त्यात तरबेज होत. 'एन.ओ.एस.' ही तीन अक्षरे दिसली की समजायचे, भाग जुना आहे पण कधी वापरलेला नाही, डब्यात तसाच आहे. 'उभी केली तेव्हा चालू होती' असे लिहिले असेल तर समजायचे, आज ती चालत नाही! चांगला माल दुसऱ्याने आधी उचलू नये म्हणून काही वर्गणीदार जादा पैसे भरून वेगवान टपालाने अंक मागवीत.

इंग्लंडमध्ये ही परंपरा आणखी जुनी. 'एक्स्चेंज अँड मार्ट' हे नियतकालिक १८६८ मध्ये, म्हणजे मोटार जन्माला येण्याआधीच निघाले आणि पुढे जुन्या मोटारी, मोटारसायकलींसाठी लोक त्याची पाने चाळू लागले. जॉन मॅडेस्की यांनी अमेरिकेतील फ्लोरिडात छायाचित्रांसह जाहिराती छापणारे नियतकालिक पाहिले आणि १९७७ मध्ये तशीच कल्पना इंग्लंडात आणली. त्यातूनच पुढे 'ऑटो ट्रेडर' झाले.

मग इंटरनेट आले. 'ईबे' १९९५ मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांतच तिथे मोटारींसाठी वेगळा विभाग निघाला. महिनाभर अंकाची वाट पाहणे संपले. 'एक्स्चेंज अँड मार्ट'चा छापील अंक २००९ मध्ये थांबला, 'ऑटो ट्रेडर'चा २०१३ मध्ये. हेमिंग्जनेही काळाची पावले ओळखून ऑनलाइन लिलाव सुरू केले.

यात शौकिनांचा फायदा झाला, हे मान्य केलेच पाहिजे. छापील जाहिरात हाती पडेपर्यंत गाडी विकली गेलेली असे. चार ओळींवर भरवसा ठेवून माणूस शेकडो मैल जाई आणि समोर गंजलेला सांगाडा दिसे. आता एका गाडीची शंभर छायाचित्रे पाहता येतात. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'ब्रिंग अ ट्रेलर'सारख्या लिलावात तर इंजिनावर ठोकलेला नंबर खरा की नंतर पाडलेला, यावर जाणकार उघडपणे चर्चा करतात. गाडी शेवटी कितीला गेली तेही सगळ्यांना दिसते. छापील मासिकात मागितलेली किंमत कळे, मिळालेली कधीच कळत नसे.

तरीही एक गोष्ट हातची गेली. छापलेला अंक विकला गेला तरी संपत नाही. तो गॅरेजच्या फळीवर, माळ्यावर, ग्रंथालयात पडून राहतो. चाळीस वर्षांनी कुणी तो उघडला की कळते, अमुक नंबरची गाडी अमुक साली अमुक गावात, हिरव्या रंगाची होती. गाडीची वंशावळ जुळवणाऱ्याला असा एक दुवा लाखमोलाचा असतो. इंटरनेटवरच्या बहुतेक जाहिरातींचे तसे नाही. माल विकला की पान उतरते. काही लिलावांची पाने टिकतात, पण ती कंपनीच्या मर्जीवर. जाहिरात छापणाऱ्याने इतिहास लिहायचे ठरवले नव्हते. कागदाच्या टिकाऊपणामुळे तो आपोआप लिहिला गेला.

आपल्याकडे मात्र मधला हा टप्पा नीटसा आलाच नाही. दिल्लीत 'स्टेट्समन'ची व्हिंटेज मोटार रॅली १९६४ मध्ये सुरू झाली, म्हणजे हौस होती. पण जुन्या गाड्यांचा व्यवहार चालला तो तोंडी. मेकॅनिकने मेकॅनिकला सांगायचे, भंगारवाल्याने गिऱ्हाइकाला. आपण तोंडी निरोपावरून थेट मोबाइलवर आलो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गाडीचा फोटो येतो, दोन दिवसांत सौदा होतो, आणि फोन बदलला की फोटोही जातो. वेग वाढला, पण नोंद तेव्हाही नव्हती, आताही नाही.

मी शासकीय नोकरीतला माणूस. कागद नसेल तर खऱ्यालाही खरे ठरवणे किती अवघड जाते, हे रोज पाहतो. जुन्या गाडीच्या बाबतीत आता ही व्यवहाराची गोष्ट झाली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नोंदणी नियम जाहीर केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर 'व्हीए' अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची. अर्जासोबत विमा लागतो. गाडीची आधी नोंदणी झालेली असेल तर जुने आर.सी., परदेशातून आणलेली असेल तर आयातीचे कागद. ज्या घरात आजोबांची फियाट किंवा मॉरिस अजून शेडमध्ये उभी आहे, तिथे गाडीइतकेच तिचे कागद शोधणे आले.

म्हणून आपल्या मराठी घरांना एक विनंती. अल्बममध्ये मोटारीशेजारी उभ्या असलेल्या आजोबा-पणजोबांचा फोटो असेल तर नंबर प्लेट वाचता येते का पाहा. फोटोच्या मागे गाडीचे नाव, साल आणि ती कुणाकडून घेतली, कुणाला दिली, जे आठवत असेल ते पेन्सिलीने लिहा. घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवरच हे होईल. गाडी विकायला काढलीत तर मोबाइलवर टाकलेल्या जाहिरातीची एक प्रत छापून आर.सी.च्या फायलीत लावून ठेवा.

आणि एक विनंती मंडळाला. जुन्या स्मरणिकांतले लेख आपण आवडीने पुन्हा वाचतो, पण मागच्या जाहिरातींच्या पानांत आपल्या गावातली गॅरेजे, टायरवाले, पेट्रोल पंप आणि दुकाने पत्त्यांसह नोंदलेली असतात. जुने अंक बांधायला द्याल तेव्हा ती पानेही आत राहू द्या. बाइंडर बहुधा तीच आधी काढून टाकतो.