सुईची किंमत

काचेच्या सिरिंजच्या काळात सुई ही फेकायची वस्तू नव्हती. स्कॉटलंडचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्सचे शार्ल प्रावाझ या दोघांनी १८५३ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे पोकळ सुई आणि पिचकारी यांची जोडी जमवली. पुढची शंभर वर्षे दवाखान्यांत सुई जपूनच वापरली गेली. काम झाले की ती धुवायची, आत बारीक तार घालून भोक मोकळे करायचे, टोक बोथट झाले तर दगडावर घासून धार लावायची आणि सिरिंजसह उकळायची. स्पिरिटच्या दिव्यावर खदखदणारा स्टीलचा डबा आणि चिमट्याने उचललेली वाफाळती सुई ही भारतातल्या गावोगावच्या दवाखान्यांची विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतची ओळख होती.

या पद्धतीत सारी भिस्त उकळणाऱ्याच्या सचोटीवर आणि सवडीवर होती. बाहेर रांग लागली की उकळण्याची मिनिटे कमी होत. याचा सर्वांत मोठा दाखला इजिप्तचा आहे. तिथे बिलहार्झिया या कृमिजन्य रोगाविरुद्ध १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारी मोहिमेत लाखो लोकांना अँटिमनीची इंजेक्शने दिली गेली. काचेच्या सिरिंजा नीट निर्जंतुक न होता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हेपॅटायटिस सी देशभर पसरला. हा विषाणू ओळखला गेला तोच मुळी १९८९ मध्ये. म्हणजे मोहीम चालू असताना तिच्या सुईतून काय जात होते, ते कोणाला दिसणे शक्यच नव्हते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकदाच वापरायची प्लास्टिकची सिरिंज आली. न्यूझीलंडचे औषधविक्रेते कॉलिन मर्डॉक यांनी १९५६ मध्ये तिची रचना मांडली. उकळण्याचा प्रश्न तिने मिटवला, पण वेगळाच प्रश्न उभा केला: वापरून झालेली सुई जाते कुठे? शिवाय नव्या सुईबरोबर टोपी आली होती. वापरलेल्या सुईवर ती परत बसवताना दुसऱ्या हाताच्या बोटात टोक घुसण्याचे प्रकार परिचारिकांच्या रोजच्या कामाचा भाग झाले. एड्सची भीती पसरल्यावर, १९८० च्या दशकात, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने टोपी परत न बसवता सुई थेट न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकण्याचा नियम घालून दिला. साधाच नियम, पण हाताची सवय मोडायला वर्षे गेली.

भारतात मात्र अडचण बोटापेक्षा बाजाराची होती. वापरलेली प्लास्टिक सिरिंज धुतली की नव्यासारखी दिसते, आणि भंगारात तिला भाव मिळतो. त्यात सुई टोचल्याशिवाय औषध लागू पडत नाही, ही रुग्णांची जुनी समजूत. मागणी अफाट आणि माल कचऱ्यात पडलेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिल्लीच्या कचऱ्याच्या खटल्यात रुग्णालयांना कचरा जाळण्याच्या भट्ट्या बसवण्याचे आदेश दिले आणि १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले राष्ट्रीय नियम आले. भट्टीने सारे प्रश्न सुटतील ही आशा त्याच नियमांनी कमी केली: क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळण्यास त्यांनी मनाई केली, कारण त्यातून विषारी डायॉक्सिन निघतात. वापरलेल्या सिरिंजा निर्जंतुक करून मोडायच्या, असे ठरले.

नियम कागदावर असताना काय होते, ते २००९ च्या सुरुवातीला गुजरातेतल्या मोडासा परिसरात दिसले. तिथे हेपॅटायटिस बी ची साथ उसळली, अनेक माणसे दगावली आणि तपासात बोट पुन्हा वापरलेल्या सिरिंजांकडे वळले.

शोध त्याआधीच सुरू झाला होता, तो सुईची किंमत मारण्याचा. ऑटो-डिसेबल सिरिंज हे त्याचे एक उत्तर. दट्ट्या एकदा तळाशी गेला की आतली खीळ त्याला परत मागे येऊ देत नाही, म्हणून ती धुऊन विकण्यात काही राम उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी १९९९ मध्ये लसीकरणासाठी हीच सिरिंज वापरण्याचे संयुक्त आवाहन केले. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती २००५ च्या सुमारास आली, आणि तिच्यासोबत हब कटर आला. हाताने दाबायच्या या साध्या कात्रीवजा यंत्राने सुई मुळाशी, प्लास्टिकच्या बुंध्यासकट कापली जाते. सुई खालच्या डब्यात पडते, आणि उरते ती निकामी नळी. वीज लागत नाही, म्हणून उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या पिशवीतही ते मावते.

सध्या लागू असलेल्या २०१६ च्या नियमांनुसार सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जातात आणि सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत. नळीचे प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पोचते. भंगाराचा रस्ता बंद झालेला नाही, फक्त त्यावर नाका बसला आहे. सुयांवरही आधी निर्जंतुकीकरण होते, नंतर त्या चुरल्या जातात किंवा धातूच्या डब्यात, सिमेंट काँक्रीटमध्ये बंद केल्या जातात आणि शेवटी सुयांच्या पक्क्या खड्ड्यात, कचराभूमीत किंवा लोखंडाच्या ओतशाळेत जातात.