इत्थशाल आणि ईसराफ : प्रश्नज्योतिषातील काळ

ज्योतिषाविषयी लिहायचे म्हटले की आधी श्रद्धा की अंधश्रद्धा या वादाचा टोल भरावा लागतो. तो भरून टाकतो. २००८ साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या जन्मपत्रिका ज्योतिषांकडे पाठवून कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच विचारले होते. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली आणि त्यांच्या यशाचे प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडवूनही साधारण एवढेच पदरात पडले असते. चाचणी जन्मपत्रिकांची होती, प्रश्नकुंडलीची नव्हती, हे खरे. पण तेवढ्या पळवाटेवर विसंबण्यात मला स्वारस्य नाही. भाकिते खरी ठरतात काय, हा या लेखाचा विषयच नाही. निर्णयाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाने काळाला प्रश्न कसा विचारला आणि त्या विचारण्याची भाषा कुठून कुठे आली, हा आहे.

जातक, मुहूर्त आणि प्रश्न या तिन्ही शाखा वेळेशी बांधलेल्या आहेत, पण तिघींची वेळ निराळी. जातकाची वेळ जन्माची. ती आपल्या हातात नाही. मुहूर्ताची वेळ आपण निवडायची. तिथे निर्णय झालेला असतो, फक्त दिवस ठरायचा असतो. प्रश्नाची वेळ या दोहोंच्या मधली. जायचे की थांबायचे, द्यायचे की राखायचे, हे उमजेनासे झाले की माणूस उठून दैवज्ञाच्या दारी जातो आणि प्रश्न उच्चारतो, त्या क्षणाची कुंडली मांडली जाते. म्हणजे इथे पत्रिका माणसाची नसून प्रश्नाची असते. प्रश्नालाही जन्म असतो, ही कल्पना साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी विचारात पाडणारी वाटावी.

ही कल्पना जुनी आहे. यवनजातकात प्रश्नविचार आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अंगविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे; पृच्छकाने विचारताना कोणत्या अवयवाला स्पर्श केला, यावरून फल सांगण्याची ती रीत. वराहमिहिराचा पुत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पृथुयशाची षट्पंचाशिका, म्हणजे अवघे छप्पन श्लोक, प्रश्नावरच आहे आणि तिच्यावर भटोत्पलाची टीका आहे. पुढे १६४९ मध्ये केरळात तलश्शेरीजवळ रचल्या गेलेल्या प्रश्नमार्ग या ग्रंथाने तर पृच्छकाची उभे राहण्याची दिशा, श्वास, तोंडून निघालेली अक्षरे, वाटेत दिसलेल्या वस्तू यांचा पसारा इतका वाढवला की ग्रह त्या गर्दीत एका बाजूला पडावेत. आपण वर्गात संहितेचे जे वाचन शिकवतो, त्याची आठवण व्हावी असे ते माणसाचे वाचन आहे. केरळाचा हा भाग मोठा आहे, पण मला थांबायचे आहे ते दुसऱ्या एका घराण्यापाशी.

गोदावरीकाठी विदर्भात धर्मपुरी नावाचे गाव होते. तिथले एक ज्योतिषी घराणे सोळाव्या शतकात काशीला जाऊन राहिले. त्या घराण्यातल्या अनंताचे दोन मुलगे, नीलकंठ आणि राम. नीलकंठ अकबराच्या दरबारी मान्यता पावला. तोडरमलाच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या तोडरानंद या प्रचंड संग्रहातील ज्योतिषाचा भाग त्याचा. शके १५०९ मध्ये, म्हणजे १५८७ साली, त्याने ताजिकनीलकंठी लिहिली. धाकट्या रामाने शके १५२२ मध्ये मुहूर्तचिंतामणी रचला, आणि नीलकंठाचा मुलगा गोविंद याने तीनच वर्षांनी काकाच्या त्या ग्रंथावर पीयूषधारा ही टीका लिहिली. एका भावाने मुहूर्त घ्यावा आणि दुसऱ्याच्या नावावर प्रश्नतंत्र रूढ व्हावे, ही वाटणी मला फार गमतीची वाटते. आजही लग्नाची तिथी काढताना ज्याचा आधार घेतला जातो तो ग्रंथ या घरातला. आणि 'काम होईल काय' याचे उत्तर शोधताना जी परिभाषा वापरली जाते, तीही याच घरातून घरोघर गेली.

ती परिभाषा पाहावी. इक्कबाल, इत्थशाल, ईसराफ, नक्त, यमया, कंबूल, गैरिकंबूल, खल्लासर, रद्द. हे सारे शब्द शुद्ध संस्कृत श्लोकांत, विभक्तिप्रत्यय लावून, वृत्तात बसवलेले आहेत. इत्थशाल म्हणजे अरबी इत्तिसाल, जोडले जाणे. ईसराफ म्हणजे इन्सिराफ, वळून दूर जाणे. कंबूल म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला कबूल, आणि गैरिकंबूलमधला 'गैर' तर आपण 'गैरहजर' म्हणताना रोज उच्चारतो. ताजिक हा शब्दच मुळात अरबांना उद्देशून असलेला पारशी शब्द. तेराव्या शतकातल्या समरसिंहाने ही विद्या प्रथम संस्कृतात सुस्थिर केली. त्याच्यामागे नवव्या शतकात अरबीत लिहिणारा साहल इब्न बिश्र हा यहुदी ज्योतिषी उभा आहे. आणि त्याच्याही मागे ग्रीक. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम हे शब्द त्यापूर्वीच आपल्याकडे येऊन मुरले होते. प्रश्नविद्येच्या बाबतीत देवघेव एकाच दिशेने झाली असेही नाही; भारतातून इराणात आणि तिथून अरबांकडे गेलेले काही याच वाटेने परत आले असावे, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. 'वैदिक ज्योतिष' हे नाव आज या साऱ्यावर सरसकट चिकटवले जाते, तेव्हा नीलकंठाला काय वाटले असते कोण जाणे. शं. बा. दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्रात ताजिकाचे मूळ यवनांकडे आहे हे न संकोचता नोंदवून ठेवले होते. आपण त्यांच्यापुढे गेलो आहोत, असे म्हणवत नाही.

आता या शब्दांचे काम. प्रश्नकुंडलीत लग्नेश म्हणजे विचारणारा, आणि ज्या कामाविषयी विचारले त्या स्थानाचा स्वामी तो कार्येश. दोघांतला शीघ्रगती ग्रह अंशांनी मागे असेल, मंदगती ग्रह पुढे असेल, दोघांची परस्परांवर दृष्टी असेल आणि अंतर दीप्तांशांच्या आत असेल (सूर्याचे १५, चंद्राचे १२, मंगळाचे ८ असे ते ठरलेले आहेत), तर इत्थशाल झाला : भेट व्हायची आहे, काम होणार. शीघ्र ग्रह मंद ग्रहाला ओलांडून एक अंश पुढे गेला, की ईसराफ : भेट होऊन गेली. आकाशात ते दोन ग्रह तेवढेच जवळ दिसतात. फरक फक्त जवळ येण्याचा आणि दूर जाण्याचा. इत्थशालाचे वर्तमान, पूर्ण आणि भविष्यत् असे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्या विद्यार्थ्यांना क्रियापदाचे काळ कंटाळवाणे वाटतात, त्यांना मी हा भाग सांगतो. जातकात 'योग आहे' किंवा 'योग नाही' असे म्हटले जाते. इथे मात्र क्रियापदाला काळ चालवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

नक्त योगाचे ग्रंथातले उदाहरण विवाहाचे आहे. प्रश्न पत्नीलाभाचा, लग्न कन्या. लग्नेश बुध सिंहेत, सप्तमेश गुरू मीनेत. दोघांची एकमेकांवर दृष्टी नाही. पण मध्ये वेगाने धावणारा चंद्र आहे, तो एकाचे तेज दुसऱ्याला नेऊन देतो. फल काय, तर तिसऱ्याच्या मध्यस्थीने लाभ. ज्या समाजात स्थळ घेऊन येणारा मामा किंवा शेजारीण हीच विवाहाची खरी यंत्रणा होती, तिथे हा योग समजावून सांगावा लागला नसेल.

आणखी एक गोष्ट या परंपरेत वारंवार येते : पृच्छक सरळ मनाचा आहे की कपटी, हे आधी पाहावे. चंद्र-शनीच्या अमुक स्थितीवरून तो थट्टा करायला आला आहे असे ओळखावे, वगैरे. टीकाकार याला पळवाट म्हणतील आणि ते चुकीचे नाही. उत्तर फसले की दोष विचारणाऱ्याच्या मनाला. पण उलट बाजूही आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेली फुले-पाकळ्या उजवीकडून पडतात की डावीकडून, हे पाहत घर बसते. (कौल हाही अरबीच शब्द, आणि त्याचा अर्थ वचन.) तिथेही उगाच, पुन्हापुन्हा विचारायचे नसते. प्रश्न विचारणे ही गंभीर कृती आहे, ती केल्यावर माणूस उत्तराला बांधला जातो, ही समजूत दोन्हीकडे दिसते. अडचण त्या बांधले जाण्यातच आहे.

आमच्या शेजारी एक वृद्ध ज्योतिषी राहत. त्यांना सारे नाना म्हणत. ते गेल्यानंतर, मी मराठीचा मास्तर म्हणून, त्यांच्या मुलाने २००९ साली त्यांच्या प्रश्नांच्या चार वह्या मला आणून दिल्या. प्रत्येक पानावर तिथी, वेळ, कुंडली, प्रश्न आणि सांगितलेले उत्तर. १९९३ च्या श्रावणातले एक पान माझ्या आत्याचे निघाले. तिचा मुलगा दहावीला नापास झाल्यावर घरातून निघून गेला होता. ती नानांकडे गेली तेव्हा मी तिचे बोट धरून सोबत होतो. नानांनी बराच वेळ पाटीकडे पाहिले आणि म्हणाले, "वर्षाच्या आत कळेल, वहिनी. घर सोडू नका."

आत्याने घर सोडले नाही. मुलीने पुण्याला चल म्हणून किती वेळा विनवले. छप्पर गळू लागले, विहीर आटली, तरी ती उंबऱ्यापासून हलली नाही. वर्ष सरले तेव्हा ती पुन्हा विचारायला गेली नाही. एकदा विचारले ते विचारले, म्हणायची. २००४ मध्ये त्याच घरात ती गेली. मुलगा आला नाही.

वहीत त्या दिवशीच्या कुंडलीखाली नानांच्या बारीक अक्षरात एवढेच आहे : 'लग्नेश–पंचमेश. ईसराफ, ३ अंश.' म्हणजे त्यांच्या शास्त्राने त्यांना भूतकाळ सांगितला होता आणि त्यांनी तो आत्याला भविष्यकाळात वाचून दाखवला. ते शास्त्र मी मानत नाही, त्यामुळे त्यांनी खरे दडवले असेही मला म्हणता येत नाही. पण ते मानत होते. त्या दुपारी त्यांनी जे केले त्याला दया म्हणावे तर आत्याची अकरा वर्षे आडवी येतात, आणि फसवणूक म्हणावे तर ती अकरा वर्षे तिने कशाच्या बळावर काढली हे सांगावे लागते. मी वह्या कपाटात ठेवून दिल्या, पुन्हा काढल्या, असे बरेचदा झाले.

उत्तराचा रकाना त्या पानावर कोरा आहे. चारही वह्यांत कोरा असलेला तो एकच. पुढच्या पानावर, दुसऱ्याच दिवशीचा, हरवलेल्या म्हशीचा प्रश्न आहे, आणि खाली लिहिले आहे : 'पूर्वेस, पाण्याजवळ. सापडली.'