कंस कुठे गळला?

पेशवाईतल्या एखाद्या मोडी पत्राच्या शेवटी ‘छ १२ रमजान’ एवढेच असते. छ म्हणजे चंद्र. दिवस कळला, महिना कळला, सालाचा पत्ता नाही. ज्याला पत्र जायचे त्याला साल ठाऊकच होते, मग लिहायचे कशाला? पुढे संपादक मजकुरावरून साल ताडतो आणि कंसात छापतो. दुसरा लेखक ते उचलतो तेव्हा कंस गळतो, आणि तिसऱ्याच्या पुस्तकात तेच साल पक्के होऊन बसते. हा कंस नेमका कुठे गळला, हे पाहायला जो मागे वळला, तो साधन-चिकित्सेच्या वाटेला लागलाच. 

वाट जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि अस्सल पत्रांपुढे बखरींची पत उतरवली. वा. सी. बेंद्रे यांनी तर ‘साधन-चिकित्सा’ याच नावाचा ग्रंथ लिहिला. बखरींबद्दलचा राजवाड्यांचा कडकपणा मला थोडा जास्त वाटतो. सभासदाने आपली बखर लिहिली ती जिंजीला, १६९४च्या सुमारास. शिवाजी महाराजांना जाऊन तेव्हा चौदाच वर्षे झाली होती. चिटणिसांची बखर त्यानंतर शंभरावर वर्षांनी आली. दोन्ही बखरीच म्हणून त्यांना एका गाठोड्यात बांधणे न्यायाचे नाही.

शिवजन्माच्या तिथीचा वाद मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे. ग्रँट डफने १८२६ साली १६२७चा मे महिना दिला. उत्तरकालीन बखरी शके १५४९च्या वैशाखाकडे बोट दाखवत होत्या. पुस्तकामागून पुस्तकात १६२७ हेच साल येत राहिले. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. डोकी मोजली असती तर शकावली हरलीच असती. पण एकमेकांवरून उतरवून घेतलेली दहा पुस्तके म्हणजे साक्षीदार एकच. शकावलीतल्या नोंदी कोरड्या, मोजक्या शब्दांच्या. महाराज अमुक तिथीला जन्मले असे लिहून कारीच्या जेध्यांच्या वतनात तसूभर भर पडणार नव्हती. तरीही तेवढ्यावर निकाल देणे घाईचे झाले असते, कारण शकावली हे मागाहून केलेले संकलन. पुढे तंजावरकडच्या पोथीतून परमानंदाचे ‘शिवभारत’ उजेडात आले, त्यात हीच तिथी. राजस्थानात सापडलेल्या जन्मकुंडलीतही हीच. मावळातला देशमुख, संस्कृत कवी आणि राजस्थानी ज्योतिषी यांनी एकमेकांचे कागद पाहिलेले नव्हते, आणि माझ्या मते सगळे वजन त्यातच आहे.

कागद कोणाच्या घरात जपला गेला, हेही विचारायला हवे. वतनाच्या भांडणांत बनावट महजर आणि सनदा पुष्कळ निघाल्या. जपणाऱ्याच्या फायद्याचा कागद खोटाच असतो असे नव्हे. त्याला दोन प्रश्न जास्त विचारायचे, इतकेच.

या पुस्तकातली पुढची पत्रे मुद्दाम सालाविना छापली आहेत. जंत्री शेजारी ठेवावी. पत्रात तिथीबरोबर वार असेल तर काम सोपे होते, कारण त्या तिथीला तोच वार दर साली येत नाही. दोन-तीन सालेच उरतात आणि मग मजकुराला हात घालायचा. पहिल्या पत्रात वार दिलेला आहे. दुसऱ्यात नाही.