घोटीव जमिनीची निगा

तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूरचा शाही किल्ला उभा आहे. त्याच्या पडक्या भागातून हिंडणारा प्रवासी हमामात शिरला की त्याची दृष्टी प्रथम छताकडे जाते. तेथील रंगीत नक्षी काही अंशी अद्याप टिकून आहे, आणि वाटाड्या मुमताजमहलची कथा सांगत त्याची मान वरच ठेवतो. पायाखाली सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक स्नानगृहाचे मर्म त्याच्या जमिनीत असते. छतावरचा रंग उडाला म्हणून स्नान अडत नाही. पण जमिनीला भेग पडली की पाणी पायात मुरते आणि भिंती खचू लागतात.

पंधराव्या शतकाच्या आरंभी नासिरखान फारुकीने हे नगर वसविले आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. 1601 साली अकबराने असीरगड घेतला. तेव्हापासून बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे प्रमुख ठाणे झाले. शाहजहानचा मुक्काम येथे असतानाच 1631 साली मुमताजमहल निवर्तली. इतका इतिहास बहुतेकांस ठाऊक असतो. त्या वैभवाच्या जमिनी कोणी घोटल्या आणि पुढे कोणी राखल्या, याविषयी मात्र बखरी आणि प्रवासवृत्ते सारखीच मुकी आहेत.

जुन्या काळी चुना भट्टीत भाजून, विरवून, मग बैलाच्या घाणीत मळीत असत. त्यात विटांची सुर्खी मिसळीत. गूळ, बेलफळाचा गर यांसारखे चिकट पदार्थही ठिकठिकाणी घालीत. कोब्याची जमीन करावयाची तर गवंडी आणि मजूर लाकडी थापीने ती दिवसचे दिवस चोपीत. वरचा बारीक चुन्याचा थर ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने घोटावा लागे. खानदेशातल्या घराघरांतून बायका मातीची जमीन चोपून, सारवून, प्रसंगी गोट्याने घोटून चकचकीत करीत. राजवाड्यातील कारागिराची क्रिया तिच्याहून फार निराळी नव्हती. घोटल्याने थर दाबला जातो, त्यातील सूक्ष्म छिद्रे बुजतात, आणि विरलेला चुना हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच्या दगडात रूपांतरित होतो. झिलई म्हणजे केवळ शोभा नव्हे. पाण्यापासून रक्षण करणारे ते कातडेच होय.

हाच चुना बऱ्हाणपुरात दुसऱ्या ठिकाणी वैरी होऊन बसला आहे. अब्दुर्रहीम खानखानानच्या अमदानीत, 1615 च्या सुमारास, तबकतुल अर्झ या इराणी तज्ज्ञाने सातपुड्याच्या पायथ्याचे झरे भुयारांतून शहराकडे वळविले. त्यातील कुंडी भंडाऱ्यावर शंभराहून अधिक कुंड्या ओळीने आहेत. भुयारात हवा खेळावी, पाणी काढता यावे आणि माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी, असा या कुंड्यांचा तिहेरी उपयोग. हे पाणी खडकांतील चुना विरघळवून आणते आणि मोकळ्या हवेत आले की तो भिंतींवर सोडते. थरावर थर साचून वाट अरुंद होते. पाणी थांबत नाही, तसा हा थरही थांबत नाही. म्हणून खरवडण्याचे कामही थांबवून चालत नाही.

विसाव्या शतकात घोटण्याचे काम यंत्राकडे गेले. त्यामागे एका शब्दाचा मौजेचा प्रवास आहे. आपल्याकडे हत्यारांना धार लावण्यास कुरुंदाचा दगड वापरीत. संस्कृतात तो कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्. त्यावरून इंग्रजांनी कोरंडम केले. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने विजेच्या भट्टीत एक अतिकठीण पदार्थ तयार केला आणि त्याला कार्बोरंडम म्हटले. अशा रीतीने आपलाच शब्द परदेशी वेष घालून यंत्राच्या पोटात परत आला. 1922 साली मुंबईत भारत टाइल्सची स्थापना झाली; पुढे मोझेकची फरशी शाळांत, इस्पितळांत आणि चाळींच्या जिन्यांवर पसरली, आणि तिच्यामागोमाग पॉलिशचे यंत्र आले.

या यंत्राचे दगड क्रमाने बदलावे लागतात: आधी 60 नंबरचा खरखरीत, मग 120, अखेरीस 320. पहिल्या घासणीनंतर उघडी पडलेली छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटने भरून काही दिवस ओली ठेवतात, मगच पुढची घासणी. घाईचा ठेकेदार मधला दगड गाळतो. ओरखडे राहतात, ते मेणाखाली झाकतात आणि वर्षभरात वर येतात. यंत्राचा खरा शत्रू मात्र घासताना निघणारा रबडा. संध्याकाळी दगडांच्या खोबणी आणि बुडाची तबकडी धुतली नाही, तर सकाळपर्यंत त्यात सिमेंट बसते. मग दगड सैल होत नाहीत, तबकडी डगमगते आणि फरशीवर गोल घळी पडतात. ब्रशाचे यंत्र असेल तर ते ब्रशावर उभे करून ठेवू नये. केस एका अंगाला वाकतात. पाण्यात लोळणारी वायर दररोज तपासावी, कारण तेथे प्रश्न फरशीचा नसून चालविणाऱ्याच्या प्राणाचा असतो. यंत्र घेताना किमतीची घासाघीस पुष्कळ होते. ते धुण्यासाठी लागणारा अर्धा तास मात्र मजुरीत कोणी धरीत नाही. तो धरला जात नाही, म्हणूनच यंत्र धुतले जात नाही.

हमामासारख्या वास्तूत हे यंत्र नेणे म्हणजे अनर्थच. 60 नंबरचा दगड शतकांचे ते कातडे काही क्षणांत सोलून काढील. तेजाबाने डाग काढण्याचा मोहही तितकाच घातक, कारण आम्लात चुना विरघळतो. मऊ ब्रश, स्वच्छ पाणी, आणि जेथे गिलावा सुटला असेल तेथे जुन्याच जातीचा चुना, एवढाच तेथील उपचार. सिमेंटचा गिलावा जुन्या चुन्याहून फार कठीण असतो; तो आतली ओल कोंडतो आणि शेजारचा जुना थर फोडतो.

2024 साली कुंडी भंडाऱ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. पाहुणे वाढतील, पाट्या लागतील. भुयारातील थर मात्र हातानेच, आणि तोही बेताने, काढावा लागेल. छिन्नी थोडी खोल गेली तर मूळच्या भिंतीचाच टवका निघतो. त्यासाठी कुंडीत उतरणारे माणूस हवे, आणि त्याच्या रोजाची तरतूद दरसाल हवी.