जोडणीच्या नोंदीतील ‘मालक’ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मार्च १९९१ च्या आरएफसी १२१३ या दस्तऐवजाने टीसीपी जोडण्यांच्या तक्त्यात पाचच रकाने ठेवले : अवस्था, स्थानिक पत्ता व पोर्ट, दूरस्थ पत्ता व पोर्ट. हा तक्ता नेटवर्क व्यवस्थापनासाठी होता. जोडणी कोणत्या प्रोसेसची, हा प्रश्न त्यात नव्हता. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ (२००४) पासून उपलब्ध असलेल्या ‘एमआयबी_टीसीपीरो_ओनर_पीआयडी’ या रचनेत प्रोसेस क्रमांक हा सहावा घटक आढळतो. २००५ च्या आरएफसी ४०२२ नेही अशा रकान्याचा समावेश केला. परिणामी संशयास्पद जोडणीमागील प्रोग्रॅम शोधणे सुकर झाले. तथापि प्रोसेस संपल्यावर तोच क्रमांक दुसरीस मिळू शकतो. म्हणून ही नोंद त्या क्षणापुरतीच ग्राह्य ठरते. केवळ तिच्या आधारे दोषारोप करणे योग्य नव्हे.