तळ्याचे मैदान आणि मैदानाचे तळे

मैदान म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे सपाट, मोकळी आणि कोरडी जागा येते. पोरे खेळताहेत, कडेला चार माणसे गप्पा मारत बसली आहेत, फार तर एखादा रोलर उभा आहे. या चित्रात पाणी कुठेच नसते. परंतु शहरांचा इतिहास चाळताना माझ्या एक गोष्ट वारंवार लक्षात आली. मैदानाची जागा बहुधा पाण्याची असते. सपाट आणि मोकळी जागा शहरात उरते कुठे? जिथे घर बांधायला माणूस कचरतो तिथे. म्हणजे नदीच्या काठाला, ओढ्याच्या खोलगट भागात, नाहीतर आटलेल्या तळ्याच्या पोटात. आज मला अशा दोन शहरांची हकिगत सांगायची आहे. एकाने तळ्याचे मैदान केले. दुसऱ्याने मैदानाचे तळे केले.

पहिले शहर बंगळूर. आपल्याला ते शहाजीराजांच्या जहागिरीमुळे परिचित आहे. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने हे ठाणे घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे आले. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या गावाजवळ बारमाही मोठी नदी नाही. म्हणून तिथल्या लोकांनी उतारावर बांध घालून तळी केली. ती एकेकटी नव्हती. वरचे तळे भरले, की सांडव्यातून पाणी खालच्या तळ्यात जायचे, तिथून आणखी खालच्या तळ्यात. या जोडकालव्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. एका ताटातले दुसऱ्याच्या ताटात, अशी ही पंगत होती. पंगतीतले एक पान उचलले, तर त्याच्या वाट्याचे कुणाला तरी घ्यावे लागणारच.

जुनी पेठ आणि १८०९ मध्ये वसलेली इंग्रजांची छावणी यांच्यामध्ये संपंगी नावाचे तळे होते. त्याच्या पाण्यावर तिगळ समाजाच्या बागा पिकत. भाजीपाला, फुले हा त्यांचा पिढीजात उद्योग. १८९०च्या दशकात हेसरघट्टा तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि संपंगी तळ्याची पिण्याच्या पाण्यासाठी असलेली गरज संपली. इथून तळ्याचे दिवस फिरले. बागाइतदारांना तळ्यात पाणी हवे होते. छावणीतल्या मंडळींना कोरडा तळ हवा होता, कारण त्यावर पोलो खेळता येतो. या ओढाताणीत कुणाचे पारडे जड ठरले असेल, हे सांगायला नको. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तळे बहुतेक आटले. पुढे त्याच जागी कंठीरव स्टेडियम उभे राहिले आणि १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते नव्याने बांधले गेले. तळ्याची खूण म्हणून आता एक लहानसे चौकोनी कुंड उरले आहे. तिगळांच्या करग उत्सवात त्या कुंडाला आजही मान आहे. बागा गेल्या, पाणी गेले, पण समाजाने आपल्या देवीची जागा सोडली नाही.

संपंगी एकटे नव्हते. शूळे तळ्यावर फुटबॉलचे स्टेडियम झाले, अक्कितिम्मनहळ्ळी तळ्यावर हॉकीचे. चल्लघट्टा तळ्याच्या जागी गोल्फचे मैदान आले. कोरमंगलातल्या एका तळ्यावर खेळाडूंसाठी क्रीडाग्राम वसले. बंगळूरला खेळाची हौस होती आणि तळी आयतीच मोकळी दिसत होती.

आता कुणी म्हणेल, यात बिघडले काय? मैदान काही इमारत नव्हे, माती आहे, गवत आहे, पाणी मुरेलच की! हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडा हिशेब करू. एक हेक्टर जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते दहा लाख लिटर. क्रिकेटचे मैदान साधारण पावणेदोन-दोन हेक्टरचे. तळे हे पाणी पोटात ठेवायचे आणि सावकाश पुढे सोडायचे. मैदानावर मात्र रोलर फिरतो, हजार पावले पडतात, माती घट्ट होते आणि पाणी वरच्यावर वाहू लागते. चांगले मैदान केले, तर गोष्ट आणखी वेगळी होते. वाळूचा थर, खाली खडी, त्याखाली छिद्रे पाडलेले नळ अशी रचना करतात. सामना लवकर सुरू व्हावा म्हणून पाणी चटकन बाहेर काढायचे असते. मैदान कोरडे होते, पण तेच पाणी पूर्वीपेक्षा लवकर नाल्यात पोहोचते. पुराच्या बाबतीत पाणी किती, याइतकेच ते किती वेळात आले, याला महत्त्व असते.

दुसरी गोष्ट भरावाची. सखल जागा मैदानासाठी उचलून घ्यायची म्हणून मुरूम टाकतात. एक हेक्टर जागा एक मीटरने उचलली, तर पुराच्या वेळी तिथे मावणारे दहा हजार घनमीटर पाणी बेघर होते. भरावाने पूर नाहीसा होत नाही. तो शेजाऱ्याच्या घरात जातो. आणि तो शेजारी बहुधा उताराखालचा, झोपडीतला असतो.

आता दुसरे शहर. जपानमधले योकोहामा. तिथून त्सुरुमी नावाची नदी वाहते. लांबी जेमतेम साडेबेचाळीस किलोमीटर, पण तिची ओळख दांडगट नदी अशीच. १९५८ च्या तुफानात तिच्या खोऱ्यात वीस हजारांहून अधिक घरांत पाणी शिरले. त्या वेळी खोऱ्याचा सुमारे दहा टक्के भाग शहरी होता. १९७५ च्या सुमारास तो साठ टक्क्यांवर गेला आणि पुढे ऐंशीच्याही पलीकडे. डोंगरउतार सिमेंटने झाकले गेले आणि नदीला पाणी झेपेना. केवळ काठ उंच करून भागणार नाही, हे ओळखून १९८० पासून तिथे सबंध खोऱ्याचा एकत्र विचार सुरू झाला. नवी वसाहत बांधणाऱ्याने आपल्या पावसाच्या पाण्यासाठी साठवणतळे करावे, असा दंडक आला. अशी लहानमोठी हजारो तळी झाली आणि काहींच्या तळाशी टेनिसची कोर्टे आली. पाऊस नसेल तेव्हा खेळा, पाऊस आला की बाहेर व्हा, असा साधा व्यवहार!

याच विचाराचे सर्वांत मोठे रूप म्हणजे योकोहामाचे आंतरराष्ट्रीय स्टेडियम. ते १९९८ मध्ये खुले झाले. २००२ च्या विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना, ब्राझीलने जर्मनीला हरवले तो, इथेच झाला. पण या स्टेडियमचे खरे कौतुक त्याच्या पायात आहे. सबंध इमारत एक हजारांवर खांबांवर उचललेली आहे आणि खालून पाण्याला वाट ठेवली आहे. भोवतीची उद्याने, मैदाने, वाहनतळ मिळून सुमारे ८४ हेक्टरची जागा नदीसाठी राखलेली आहे. तिथे नदीचा काठ मुद्दाम थोडा बुटका ठेवला आहे. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले, की या बुटक्या काठावरून आपोआप आत येते. ३९ लाख घनमीटर पाणी मावेल, एवढी सोय आहे. ही व्यवस्था २००३ पासून कामाला लागली.

तिची कसोटी साऱ्या जगासमोर लागली ती २०१९ मध्ये. रग्बीचा विश्वचषक जपानमध्ये सुरू होता. १२ ऑक्टोबरला हागिबिस नावाचे तुफान किनाऱ्यावर आले. त्या दिवशीचा योकोहामातला इंग्लंड-फ्रान्स सामना आधीच रद्द करण्यात आला होता. रात्री नदीचे पाणी राखीव जागेत शिरले, सुमारे नऊ लाख चाळीस हजार घनमीटर. स्टेडियम पाण्यात उभे होते. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला संध्याकाळी, त्याच स्टेडियममध्ये जपान आणि स्कॉटलंड यांचा सामना ठरल्याप्रमाणे झाला. जपानने तो २८-२१ असा जिंकून प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्या विजयाच्या बातम्या सगळीकडे आल्या. मला मात्र त्या रात्री खालच्या मैदानांनी अडवून धरलेले पाणी अधिक मोलाचे वाटते.

हे फुकट होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पाणी ओसरल्यावर गाळ राहतो, तो उपसावा लागतो. तोवर खालची मैदाने बंद असतात. जमीन मिळवण्यापासून काठ बांधण्यापर्यंत वर्षानुवर्षे खर्च होतो. ज्यांना हा खर्च नको असतो, ते तो पुरात बुडणाऱ्यांच्या नावावर मांडतात, एवढाच फरक.

आपल्याकडे हे शहाणपण अगदीच नवे आहे, असे नाही. पंढरीचे वाळवंट पाहा. चंद्रभागेच्या पात्रात कीर्तने होतात, फडाचे तंबू पडतात आणि पाणी वाढले, की सगळे गुंडाळून माणसे वर येतात. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड नदीच्या कोरड्या पात्रात रंगत आले आहेत. जागा नदीची, आपण पाहुणे, ही समज त्यामागे होती. मुंबईतही अलीकडे तोच विचार वेगळ्या रीतीने आला आहे. हिंदमाताला तुंबणारे पाणी साठवण्यासाठी २०२१ पासून दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली टाक्या बांधण्यात आल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी मैदानाच्या पोटात थांबते.

महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, परंतु उद्याने आणि खेळाची मैदाने यांसारख्या मोकळ्या वापराला वाव आहे. हा नियम योग्यच आहे. धोका पुढच्या पायऱ्यांत आहे. आधी मैदान येते, मग चिखल होतो म्हणून भराव, मग गुरे शिरतात म्हणून भिंत, मग प्रेक्षकांसाठी गॅलरी, मग तिच्याखाली गाळे. प्रत्येक पायरी लहान आणि सोयीची. शेवटी नदीची जागा कागदावर मोकळी राहते आणि प्रत्यक्षात बुजलेली असते.

म्हणून आपल्या गावात मैदानाचा आराखडा मांडला जाईल, तेव्हा धावपट्टी किती मीटरची आणि आसने किती, हे जरूर विचारावे. पण त्याआधी तीन प्रश्न विचारावेत. या जागेवर आजवर कुठले पाणी येऊन थांबत होते? भराव घातला, तर तेवढीच जागा दुसरीकडे खोदून देणार का? आणि पाणी आलेच, तर गाळ काढायची जबाबदारी व पैसे कुणाचे? या तिन्हींची उत्तरे मिळाली, तर मुलांना खेळायला जागा मिळेल आणि उताराखालच्या माणसाला रात्री झोप लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)