छावणीतलं लाकडी प्रार्थनाघर

सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला आणि लाखो तरुण छावण्यांत येऊन दाखल झाले. त्यांच्यासाठी बराकी, भटारखाने, दवाखाने भराभर उभे राहू लागले. प्रार्थनेची जागा तेवढी राहून गेली. पहिल्या महायुद्धात ती सोय बहुतांशी वायएमसीए, नाइट्स ऑफ कोलंबस, ज्यू वेल्फेअर बोर्ड अशा संस्थांनी केली होती. आता पाद्री जेवणघरात किंवा सिनेमाघरात, जिथे जमेल तिथे उपासना घेत.

मार्च १९४१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ६०४ प्रार्थनाघरांसाठी सुमारे १ कोटी २८ लाख डॉलर मंजूर केले. म्हणजे एकेकाला जेमतेम २१ हजार. पहिलं व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या छावणीत उभं राहिलं आणि त्याच वर्षी २७ जुलैला वापरात आलं. अवघ्या चार महिन्यांत!

आराखडा सगळीकडे एकच. लाकडी सांगाडा, बाहेरून एकावर एक चढवलेल्या फळ्या, उतरतं छप्पर आणि दर्शनी बाजूला छोटा टोकदार मनोरा. मनोरा झाकला तर इमारत बराकींची सख्खी बहीण वाटावी, कारण दोन्हींचं लाकूड आणि सुतारकाम एकाच जातीचं होतं. लाकूड ठरावीक मापांत कापून यायचं, त्यामुळे साधे सुतारही ते झपाट्याने जोडत.

मला खरं मोठेपण दिसतं ते आतल्या रचनेत. दालन एकच, पण ते प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू अशा तिघांचं. कोणा एका पंथाचं कायमचं चिन्ह तिथे नसे. वेदी हलवता येई. ज्यूंच्या उपासनेच्या वेळी तोराची पेटी पुढे येई, कॅथलिकांची मिस्सा असली की क्रूस. आपल्या लष्करातल्या सर्वधर्म स्थळात वेगवेगळ्या धर्मांची उपासनास्थानं एकाच छपराखाली शेजारी शेजारी नांदतात. इथे एकच जागा पाळीपाळीने प्रत्येकाची होई. घाईच्या, काटकसरीच्या बांधकामातही प्रत्येकाच्या श्रद्धेचा एवढा बारीक विचार व्हावा, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ही उदारता धर्मापुरतीच होती. त्याच सैन्यात काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, बराकीही वेगळ्या. हा भेद संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघाला तो १९४८ मध्ये.

या इमारती तात्पुरत्या म्हणूनच बांधल्या होत्या. युद्ध संपलं, छावण्या आटल्या आणि कित्येक प्रार्थनाघरं विकली गेली. गावोगावच्या मंडळ्यांनी ती विकत घेतली, कुठे सुटी करून हलवली आणि नव्या पायावर पुन्हा उभी केली. उरलेल्यांवर १९८३ मध्ये गदा आली: दुसऱ्या महायुद्धातल्या तात्पुरत्या लाकडी इमारती पाडून टाकाव्यात, असं काँग्रेसने संरक्षण खात्याला फर्मावलं. इतिहासाची कदर करणाऱ्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा १९८६ मध्ये करार होऊन पाडण्याआधी या इमारतींची रेखाटनं, छायाचित्रं आणि इतिहास नोंदवायचं ठरलं. माझ्या मते नुसत्या नोंदीवर भागवायला नको होतं. प्रत्येक मोठ्या छावणीत एक तरी प्रार्थनाघर उभं राखायला हवं होतं. सिएटलमधल्या फोर्ट लॉटनचं १९४२ चं प्रार्थनाघर तसं राखलं गेलं. छावणीच्या जागी आज डिस्कव्हरी पार्क हे सार्वजनिक उद्यान आहे आणि ते प्रार्थनाघर तिथेच आहे.